मेमरी कार्डाचा भरवसा

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की श्रोत्यांची समजूत होते, आता महागाईभत्ता, किमान वेतन आणि मालकांचा समाचार ह्यांवाचून दुसरे काही कानी पडावयाचे नाही. ह्या खेपेस आम्ही निराळा विषय घेतला आहे. नखाएवढ्या मेमरी कार्डाचा इतिहास, आणि त्याच्यावर भरवसा किती ठेवावा हा प्रश्न. यंत्रविद्येच्या पदवीधरांनी ज्यावर बोलावे त्यावर आम्ही बोलावे काय, ही शंका रास्त आहे. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत रात्री बसून वाचले, आणि अडले तेथे जाणत्यांना विचारले. पण ज्या वस्तूपायी आपली माणसे नागवली गेली तिचा इतिहास समजून घेण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि तो आम्ही बजावीत आहोत.

आधी झालेली गोष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या तालुक्यांतून दर दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याने घेतलेली उचल मुकादमाच्या वहीत, आणि त्याने तोडलेला ऊस वजनकाट्याच्या पावतीवर. हंगामाच्या शेवटी उचल फिटली की अंगावर राहिली, हे ह्या दोन कागदांवर ठरते. काही हंगामांपूर्वी एका टोळीला आम्हीच सुचवले की पावत्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कागद पाचटाबरोबर उडून जातो, फोटो जात नाही. एका चलाख तरुणाच्या मोबाईलमधल्या कार्डावर साऱ्या टोळीच्या पावत्या जमा होत गेल्या. हिशेबाच्या बैठकीत मोबाईल उघडला तो पडद्यावर एवढेच आले की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करावे काय. घाबरून कोणी होकाराचे बटण दाबले. कागदी पावत्या बहुतेकांनी केव्हाच टाकून दिल्या होत्या. मुकादमाची वही तेवढी उरली, आणि वहीप्रमाणे हिशेब झाला. अपवाद एका कोयत्याचा. त्या घरची साखरशाळेत जाणारी मुलगी आपल्या वहीच्या मागच्या पानांवर रोज तारीख आणि टन लिहून ठेवीत असे. ती वही पुढे येताच त्या घरचा आकडा मुकादमाला बदलावा लागला. इतरांचा बदलला नाही. सल्ला आमचा होता, म्हणून हा विषयही आमचा झाला.

नोंद कशावर करावी, म्हणजे ती टिकेल, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास नवा नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे जो दगडी खांब उभा आहे तो आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ह्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी परंपरा आहे. ज्या देवळाचा तो खांब, ते देऊळ गेले, खांब राहिला. त्या खांबावर एक लेख कोरलेला आहे. पण तो ज्ञानेश्वरीचा नव्हे. तो एका दानाचा लेख आहे. ज्ञानेश्वरी दगडावर कोणी कोरली नाही. ती कागदावर उतरली, आणि कागदाला वाळवी, पाणी, आग हे तिन्ही वैरी. सच्चिदानंदबाबांच्या हातची मूळ पोथी आज कोठेही नाही. असे असून ज्ञानेश्वरी मात्र घरोघर आहे. चिवट दगडाने एक लहानसा दानलेख जपला आणि नाशिवंत कागदाने नऊ हजार ओव्या जपल्या, हे कोडे मनात ठेवून आता आपण कार्डाकडे वळू.

फ्लॅश मेमरीची मूळ कल्पना १९६७ सालची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन कांग ह्या कोरियन आणि सायमन झी ह्या चिनी शास्त्रज्ञांनी असा एक विजेचा कोठा मांडला की ज्याच्या भोवती चहूबाजूंनी वीजरोधक थर असेल. आत कोंडलेली वीज दिवा मालवला तरी बाहेर पडणार नाही. ती आहे की नाही, हीच नोंद. पुढे जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका ह्या अभियंत्याने असे कोठे गठ्ठ्यागठ्ठ्याने, एका झटक्यात पुसण्याची युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे हे लख्खकन पुसणे, म्हणून त्याच्या एका सहकाऱ्याने त्यास ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. ही युक्ती १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत जगापुढे आली. १९८७ साली मासुओका आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘नॅन्ड’ नावाची अधिक दाट व स्वस्त मांडणी दिली, आणि आजची झाडून सारी कार्डे त्या मांडणीवर चालतात. १९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून ठरवलेले एसडी कार्ड, २००५ साली मोबाईलमधले मायक्रोएसडी, असा पुढचा प्रवास आहे. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि १ जाड. २०१९ साली तेवढ्याच तुकड्यावर एक टेराबाइट मजकूर मावू लागला.

येथे कामगार चळवळीतल्या माणसास थांबल्यावाचून राहवत नाही. ज्या शोधावर जगभर अब्जावधींचा व्यापार उभा राहिला त्या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओकाने २००४ साली आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावला. मागणी १०० कोटी येनची होती. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ऊस तोडणारा असो वा स्मृतीचे यंत्र शोधणारा असो, घामाचा हिशेब मागावाच लागतो.

आता ह्या कोठ्याची रचना पाहू, कारण बिघाडाचे मूळ तेथेच आहे. कोठा म्हणजे तेलाचा एक बुधला समजा. तेलाच्या जागी विजेचे कण. बुधल्याची भिंत ज्या द्रव्याची असते ते वाळूत आणि काचेत असते तेच. पण भिंतीची जाडी केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजारावा भाग. बुधल्याला तोंड नाही. कण आत घालावयाचे किंवा बाहेर काढावयाचे तर जादा दाबाची वीज लावून भिंतीतूनच रेटावे लागतात. दर खेपेस भिंतीला सूक्ष्म इजा होते, आणि अशा हजारो खेपा झाल्या की भिंत पाझरू लागते. मग तेल भरले तरी ठरत नाही. ह्याला झिजणे म्हणावे. लिहिण्याने आणि पुसण्याने झिजणारी ही पाटी आहे.

त्यात स्वस्ताईने भर घातली. आरंभी एका बुधल्यात एकच नोंद असे: भरलेला किंवा रिकामा. असा कोठा सुमारे एक लाख वेळा पुसता येई. पुढे तितक्याच जागेत अधिक मजकूर बसवावयाचा म्हणून एका बुधल्यात तेलाच्या चार पातळ्या मोजू लागले, मग आठ, आता सोळा. भरलेला की रिकामा हे अंधारातही चाचपून कळते. पण आठांतली पाचवी पातळी की सहावी हे कळण्यास नजर तीक्ष्ण लागते, आणि थोडेसे तेल पाझरले तरी पाचवीची चौथी होते. ह्यामुळे चार पातळ्यांच्या कोठ्याचे आयुष्य काही हजार खेपांवर आले, आणि आठ व सोळा पातळ्यांचे त्याहून खाली, हजार किंवा त्याच्या आसपास. कार्ड स्वस्त झाले ते कशाच्या बदल्यात, हे पाकिटावर ठळक छापलेले नसते.

दुसरा बिघाड गळतीचा. काहीही न लिहिता कार्ड नुसते पडून राहिले तरी कण हळूहळू निसटतात. नवे कार्ड वर्षानुवर्षे नोंद धरू शकते. झिजलेले तितके धरीत नाही. संगणकातल्या फ्लॅश डिस्कसाठी उद्योगाने जे मानक ठरवले आहे त्यात घरगुती वापराच्या डिस्कने, तिचे ठरलेले आयुष्य संपताना, वीज बंद करून ३० अंश उष्णतेत ठेवल्यावर एक वर्ष मजकूर धरावा एवढीच अपेक्षा आहे. उष्णता वाढली की गळतीचा वेग झपाट्याने वाढतो. आपल्याकडील वैशाखातले ऊन, पत्र्याची खोली, मोटारीची काच ह्यांचा विचार श्रोत्यांनी स्वतः करावा.

तिसरा बिघाड आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला. कार्डाच्या पोटात नुसते कोठे नसतात. त्यांवर देखरेख करणारा एक छोटा कारभारीही असतो. एकच कोठा झिजू नये म्हणून तो मजकूर आज ह्या गठ्ठ्यात, उद्या त्या गठ्ठ्यात असा फिरता ठेवतो आणि कोणता मजकूर कोठे आहे ह्याची यादी राखतो. तलाठ्याच्या दप्तरासारखीच ही यादी. सातबारा जळाला तर शेत कोठे जात नाही, पण ते कोणाचे हे सांगता येत नाही. तसेच येथे. लिहिणे चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड ओढून काढले तर यादी अर्धवट राहते, आणि कोठे शाबूत असूनही सारे कार्ड कोरे दिसू लागते. आमच्या टोळीच्या कार्डाचे बहुधा हेच झाले असावे, असे एका जाणत्या दुरुस्तीवाल्याने पुढे सांगितले. कार्ड तसेच काढून बाजूला ठेवले असते तर काही फोटो परत मिळण्याची आशा होती. आम्ही ते फॉरमॅट केले आणि महिनाभर पुन्हा वापरले. राखेवर पाणी ओतून मग निखारा शोधू लागलो!

चौथा प्रकार बिघाडाचा नव्हे, लबाडीचा. ८ गिगाबाइटच्या कार्डावर १२८ चा छाप मारतात आणि आतल्या कारभाऱ्यालाही तसेच खोटे बोलावयास शिकवतात. पहिले ८ नीट भरतात. पुढचे कोठेच जात नाहीत, किंवा आधीच्यावर चढतात. आठवडेबाजारातल्या मापात मारलेल्या शेरासारखा हा प्रकार आहे, आणि त्याची पारखही तशीच: कार्ड संपूर्ण भरावे आणि भरलेले सगळे परत वाचून ताडून पाहावे.

हे सारे गरिबाच्या स्वस्त मालापुरतेच आहे असे कोणी समजू नये. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेची ‘स्पिरिट’ ही गाडी मंगळावर उतरली आणि तीन आठवडे होण्याच्या आतच वेड्यासारखी पुनःपुन्हा बंद पडून चालू होऊ लागली. कारण शोधले तेव्हा फ्लॅशचे कोठे धड निघाले. तीत साठलेल्या फायलींची गर्दी इतकी झाली होती की त्यांची यादी सांभाळण्यास चालू स्मृती अपुरी पडत होती. दप्तरच कोलमडले होते. कोट्यवधी मैलांवरून ते आवरले, आणि गाडी पुढे काही वर्षे चालली. २०२१ साली टेस्ला कंपनीला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या. त्यांतील ८ गिगाबाइटची फ्लॅश रोजच्या बारीकसारीक नोंदींनीच पाचसहा वर्षांत झिजून जात होती आणि पुढचा पडदा काळा पडत होता. २०१६ साली टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलचे दोन अभियंते ह्यांनी गूगलच्या कोठारांतील फ्लॅश डिस्कांचा सहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. फिरत्या तबकडीच्या डिस्कांपेक्षा ह्या कमी वेळा बदलाव्या लागतात, हे त्यात दिसले. पण पहिल्या चार वर्षांत शंभरातल्या २० ते ६३ डिस्कांवर, त्या त्या नमुन्याप्रमाणे, निदान एक तरी न सुधारण्याजोगी चूक आली, हेही दिसले. महाग प्रतीचे कोठे स्वस्तांहून व्यवहारात अधिक भरवशाचे ठरले नाहीत, आणि झिजेखेरीज नुसते वयही नडते, हे आणखी दोन निष्कर्ष.

मग प्रश्न असा की एवढ्या चुका होत असताना आपला मजकूर रोज बरोबर वाचला जातो तो कसा? उत्तर गणितात आहे. मजकुराबरोबर काही जादा अंक लिहून ठेवावयाचे, असे की थोडी अक्षरे बिघडली तरी उरलेल्यांवरून ती ओळखून सुधारता यावीत. १९५० साली रिचर्ड हॅमिंगने बेल प्रयोगशाळेत ह्याची पहिली नामी रीत दिली. पुढची मोठी रीत १९५९ साली होकेंगेम ह्या फ्रेंच गणितीने आणि १९६० साली राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार रायचौधरी ह्या दोघा बंगाली गणितींनी अमेरिकेत स्वतंत्रपणे शोधली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती ‘बीसीएच’ म्हणून ओळखली जाते, आणि फ्लॅश कार्डांनी ती वर्षानुवर्षे वापरली. ह्याच बोसांचे दुसरे विद्यार्थी म्हणजे मुंबई विद्यापीठात पुढे गणिताचे प्राध्यापक झालेले शरच्चंद्र श्रीखंडे, हे सांगताना मराठी माणसास थोडा अभिमान वाटल्यास गैर नाही. तात्पर्य, कार्डातला कोठा कधीच निर्दोष नव्हता. चुका होणार हे धरून चालणे आणि त्या सुधारण्याची तरतूद आधी करणे, एवढ्यावर हे सारे उभे आहे. चुका फार झाल्या म्हणजे तरतूद अपुरी पडते, आणि तोवर सारे ठीक दिसत असल्यामुळे मालकास पूर्वसूचना मिळत नाही.

हे वाचीत असताना आमच्या मनात नेवाशाचे कोडे उलगडले. ज्ञानेश्वरी हातोहात उतरली जाई. उतरणाऱ्याची नजर चुके, कोणी ओवी गाळी, कोणी आपल्या पदरची घाली. तीनशे वर्षांत पाठ इतका गढूळ झाला की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती जमवल्या, ओवीला ओवी ताडून पाहिली आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. एकच पोथी असती, आणि तीत चूक असती, तर एकनाथांसही ती ओळखण्यास मार्ग नव्हता. पुष्कळ प्रती होत्या, त्या वेगवेगळ्या घरी होत्या, आणि ताडून पाहणारा माणूस होता; म्हणून ग्रंथ राहिला. खांब टिकला तो दगडाच्या गुणाने. ग्रंथ टिकला तो राखणाऱ्यांच्या गुणाने. कार्डाच्या बाबतीत आम्ही त्याच्याकडून खांबाची अपेक्षा केली आणि त्याला वागणूक पोथीचीही दिली नाही.

हा केवळ शास्त्राचा प्रश्न असता तर आम्ही तो ह्या व्यासपीठावर आणला नसता. प्रश्न न्यायाचा आहे. कारखान्याचा हिशेब काट्यावर असतो, कचेरीच्या संगणकात असतो, त्याची नक्कल दुसरीकडे असते. मुकादमाची वही त्याच्या घरी असते. तोडणी करणाऱ्याजवळ मात्र एकच प्रत, आणि तीही खिशातल्या मोबाईलमध्ये. बिघाड सर्वांच्या यंत्रांत सारखाच होतो, पण नुकसान होते ते ज्याच्याजवळ एकच प्रत आहे त्याचे. दुबळ्याची बाजू खोटी नसते. ती एकाच जागी लिहिलेली असते.

कायद्यानेही हे ओझे वाढवले आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले की मूळ यंत्र हजर न करता त्यातील नोंदीची नक्कल पुरावा म्हणून दिली तर तिजबरोबर कायद्यात सांगितलेला दाखला असलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या दाखल्यात नोंदीचा ‘हॅश’ही द्यावा लागतो. हॅश म्हणजे साऱ्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक आकडा. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. त्यास मजकुराचा अंगठा म्हणता येईल. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांचा अंगठा इतरांनी कोऱ्या कागदावर घेतला. आता आपल्या पुराव्याचा अंगठा आपण घेण्यास शिकले पाहिजे.

आम्ही आमच्या परीने जी व्यवस्था लावली ती सांगून आटोपते घेतो. फोटो रोज काढावयाचा, पण त्याच रात्री तो दुसऱ्या एका मोबाईलवर जावयाचा, आणि आठवड्याला टोळीबाहेरच्या तिसऱ्या जागी. कार्ड नवे आणले की आधी पूर्ण भरून वाचून पाहावयाचे. कार्ड अडले तर कोणतेही बटण न दाबता काढून ठेवावयाचे. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, तेव्हा जुन्या कार्डांवरचे सारे नव्यावर उतरवून ताडून पाहावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक कोयत्यामागे एक दोनशे पानी वही, तीत रोजची तारीख आणि टन. काही जण हसले की एवढे यंत्र आले आणि तुम्ही पुन्हा वहीवर आलात. आम्ही वहीवर परत आलो नाही. आम्ही एकीवरून चारांवर आलो.

ज्या मुलीच्या वहीने एका घरचा हिशेब वाचवला ती आता मोठी झाली आहे. गेल्या हंगामात तिच्या वडिलांच्या टोळीच्या सर्व कोयत्यांच्या वह्या तिने तपासल्या. दोन ठिकाणी वही आणि फोटो जुळले नाहीत. एका ठिकाणी वहीची चूक निघाली, दुसऱ्या ठिकाणी फोटो दोनदा मोजला गेला होता. दोन्ही चुका मुकादमाने दाखवण्याच्या आधी आपण शोधल्या, म्हणून त्या बैठकीत कोणासही मान खाली घालावी लागली नाही.